सशाचे कान, मनीमाऊची टोपी

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आमच्याकडची येळवस, जवळ आली की घराघरांत दोन तयाऱ्या सुरू होतात. एक अंबील-भज्जीची आणि दुसरी लेकराबाळांना शेतात न्यायची. त्या दिवशी धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत गावं रिकामी आणि शिवारं भरलेली असतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, पंगती बसतात. पण सकाळी शिवारात जे गार वारं सुटलेलं असतं, ते कानात शिरलं की मोठ्या माणसालाही हुडहुडी भरते. मग अंगावरच्या बाळाचं काय? म्हणून त्या दिवशी प्रत्येक बाळाच्या डोक्यावर टोपडं असतंच असतं. अन् गेल्या काही वर्षांत या टोपड्यांना कान फुटलेत! आईच्या कडेवर ससा, आजीच्या मांडीवर अस्वल, मावशीच्या खांद्यावर मनीमाऊ. ज्वारीच्या बांधावर अख्खं जंगल भरल्यासारखं दिसतं.

मैत्रिणींनो, या जंगलातले काही प्राणी माझ्या सुयांवरून उतरलेले आहेत, म्हणून हा लेख.

जळकोट म्हटलं की पुष्कळांना लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आठवतं. आमचं जळकोट ते नव्हे. आमचं तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं, नळदुर्गच्या किल्ल्याजवळचं. इथं काही सिमला-काश्मीरसारखी थंडी पडत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लोकरीला हात लावावासा वाटत नाही. पण दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने पहाटेची थंडी चांगली झोंबते. त्यातच बोरन्हाण येतं, बारशी येतात, जावळं येतात. तेवढ्या काळात माझ्या दाराशी एकच वाक्य ऐकू येतं, "काकू, आमच्या लेकराला कानाची टोपी करून द्या की ओ!"

माकडटोपी तर आपल्या घरातलीच

प्राण्यांची टोपी हे काही तरी परदेशी खूळ आहे, असं आमच्या गल्लीतल्या एक आजी म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, "आजी, आजोबा पहाटे देवळात जाताना काय घालतात?" त्या हसायलाच लागल्या. माकडटोपी! आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतो आणि त्यात माकड आहे हे विसरूनही गेलो. गंमत म्हणजे इंग्रजीत या टोपीचं नाव 'बालाक्लाव्हा'. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा नावाच्या गावाजवळ लढाई झाली, तिथल्या कडाक्याच्या थंडीवरून पुढं हे नाव रूढ झालं. तिकडच्या लोकांना त्यात युद्ध आठवलं, आपल्याला माकड दिसलं!

आपल्याकडं बाळाच्या कपड्यांची परंपरा काही कमी श्रीमंत नाही. पहिलटकरीण माहेरी बाळंत झाली की माहेरची माणसं बाळंतविडा करतात. त्यात झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, मऊ जुन्या साडीची गोधडी. खणाची किंवा रेशमी कापडाची कुंची तर बाळाच्या डोक्यापासून पाठीपर्यंत उतरते, तिला जरीची किनार लावतात. त्या बाळंतविड्यात लोकरीचं टोपडं, स्वेटर आणि पायमोजे कधी येऊन बसले, हे आता कुणाला सांगताही येणार नाही. शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला मुली विणकाम शिकल्या, शिवणक्लासात क्रोशा आला, आणि बघता बघता बाळंतविडा लोकरीशिवाय अपुरा वाटायला लागला.

प्राणी मात्र बाळाच्या आयुष्यात पहिल्यापासून आहेतच. चिऊ-काऊचा घास, हम्मा, भूभू, मनीमाऊ. बाळाला माणसांची नावं यायच्या आधी प्राण्यांची येतात. शिवाय नजर लागू नये म्हणून तीट लावणं, कुठं कुठं गळ्यात वाघनख बांधणं, ही रीतही आपल्याला ओळखीची. चीनमध्ये तर लहान बाळांना वाघाच्या तोंडाची टोपी घालायची जुनी प्रथा आहे. मोठे डोळे, मिशा, कान, कपाळावर भरतकाम. वाघाला बघून वाईट शक्ती पळून जाते, अशी त्यामागची समजूत. म्हणजे आपलं वाघनख आणि त्यांची वाघटोपी या एकाच मायेच्या दोन तऱ्हा. जपानी बायका लोकरीचे इवलेसे प्राणी क्रोशानं विणतात, त्यांना 'अमिगुरुमी' म्हणतात. हा प्रकार आता आपल्याकडच्या शहरांतही चांगला रुजलाय.

आणि आता उलटी गंमत ऐका. माणसाच्या बाळाला आपण हत्तीची टोपी घालतो. पण मथुरेजवळ 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेचं सोडवून आणलेल्या हत्तींचं केंद्र आहे. तिथं २०१७ च्या कडाक्याच्या थंडीत आसपासच्या गावातल्या बायकांनी चक्क हत्तींना रंगीबेरंगी लोकरीचे स्वेटर विणून घातले! मी आमच्या मंडळात हे सांगितलं तेव्हा एक मैत्रीण पटकन म्हणाली, "बाई गं, टाके किती घातले असतील!" विणणाऱ्या बाईला पहिला प्रश्न हाच पडणार.

मेंढरं दारातून जातात, लोकर लुधियानाहून येते

आमच्या रस्त्यावरून धनगरांची मेंढरं जातात. तेव्हा पोरी विचारतात, "काकू, ह्याच लोकरीची टोपी करतात का?" तर नाही. आपल्या भागातल्या दख्खनी मेंढीची लोकर रखरखीत असते. तिची घोंगडी होते, आणि ती घोंगडी पाऊस, वारा, थंडी सगळं झेलते. पण तीच लोकर बाळाच्या गालाला लागली तर गाल लालभडक होईल. दुकानात जी मऊ 'बेबी लोकर' मिळते, ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच. तो अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे कारखान्यात तयार झालेला कृत्रिम धागा असतो. पंजाबातलं लुधियाना हे या व्यवसायाचं मोठं केंद्र. अस्सल मऊ लोकर मेरिनो जातीच्या मेंढीची. ती मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते आणि तिची किंमतही तशीच असते.

अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. स्वस्त असतं, धुवायला सोपं, रंग छान. पण त्यातून हवा नीट खेळत नाही आणि घाम शोषला जात नाही. म्हणून आपल्या हवेत मी आता दोन प्रकारच्या टोप्या करते. पौष-माघासाठी लोकरीची, आणि एरवीसाठी मऊ सुती धाग्याची, क्रोशावर विणलेली. सुती टोपीलाही कान तितकेच ऐटीत उभे राहतात. केसाळ, मऊमऊ तंतू बाहेर आलेली लोकर मोहात पाडते, पण तान्ह्या बाळासाठी ती नकोच. ते तंतू नाकातोंडात जातात.

एक किलो आठशे ग्रॅमची पाहुणी

आता जे सांगणार आहे, त्यामुळं टोपीकडं बघायची माझी नजरच बदलली.

आमच्या शेजारच्या घरातली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, वजन एक किलो आठशे ग्रॅम. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ म्हणजे कमी वजनाचं, हे आपण सगळ्या अंगणवाडीच्या भिंतीवर वाचतो. पण तळहाताएवढं बाळ प्रत्यक्ष बघितलं की वाचलेलं सगळं पळून जातं. काही दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत काढून मायलेकी घरी आल्या. घरातल्या आजी माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "वाघाची टोपी करून दे बाई. माझी नात वाघिणीसारखी जगली पाहिजे."

मी लोकर काढलीच होती, तेवढ्यात आमच्या आशाताई आल्या. बाळ घरी आलं की आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांनी बाळाचं पोट आणि तळपाय हातानं चाचपून पाहिले. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर धोका आहे, तडक उबेची सोय करून दवाखाना गाठायचा. नवजात बाळाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. आपलं डोकं शरीराच्या मानानं लहान असतं, पण बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या एकूण लांबीचा चौथा हिस्सा. उघडं राहिलं की त्यातून ऊब भराभर निघून जाते. त्यात कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबीही नसते. त्याची सगळी ताकद अंग गरम ठेवण्यातच संपते, मग वजन वाढणार कशानं?

आशाताई हसत मला म्हणाल्या, "काकू, वाघाची नंतर करा. आधी कांगारूची करा."

कांगारूची म्हणजे काय, तर कांगारू पद्धत. कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा अगदी इवलंसं असतं आणि आईच्या पिशवीत राहूनच वाढतं. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी १९७८ मध्ये हीच युक्ती माणसाच्या बाळांसाठी सुरू केली. काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त, अशी तिथली अवस्था होती. मग बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभं धरून बांधायचं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, डोक्याला टोपी, पायात मोजे. वरून साडी किंवा शाल. आईची ऊब थेट बाळाला मिळते, दूध जवळ असतं, आईच्या काळजाचा ठोका ऐकू येतो. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत यावर मोठा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मल्यापासून लगेच छातीशी ठेवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटतात, असं त्यात दिसलं. आई दमली तर बाबा, आजी, मावशी कुणीही बाळाला असं छातीशी घेऊ शकतं.

आपल्या महाराष्ट्राचं नाव तर या कामात फार आदरानं घेतलं जातं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली. १९९९ मध्ये त्यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई घरी येतात, त्यामागं हे काम आहे. आणि आमच्या भागात आम्हाला हे परकं वाटत नाही, कारण जवळच्याच अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या पुढाकारानं गावोगावच्या साध्या बायकांतून 'भारतवैद्य' घडवल्या. चौथी-सातवी शिकलेली बाईसुद्धा आरोग्याचं काम किती जबाबदारीनं करू शकते, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

तर, कांगारूची टोपी. आशाताईंनी मला चार गोष्टी बजावल्या. टोपी पातळ हवी, कारण आईची ऊब आहेच. आत जाड शिवण नको, कारण बाळाचं डोकं आईच्या छातीवर एका कुशीला टेकलेलं असतं आणि शिवण रुतते. कान, गोंडे, फुलं काही नको, कारण ती बाळाच्या नाकावर येतात. आणि नाडी तर मुळीच नको. सुताच्या दोऱ्यानं माप घेतलं, तर डोक्याचा घेर एकतीस सेंटिमीटर भरला. सत्तर टाक्यांची साधी पांढरी टोपी मी एका दुपारी उतरवली. गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवून दिली. आजी जरा हिरमुसल्या, "नुसतीच पांढरी? वाघ कुठाय?" मी म्हटलं, "आजी, वाघ उधार राहिला. अडीच किलो भरू द्या, मग देते."

मैत्रिणींनो, एक स्पष्ट सांगते, टोपीनं बाळ वाचत नाही. बाळाला वाचवलं आईच्या दुधानं, छातीशी धरण्यानं, दवाखान्यातल्या उपचारांनी आणि वेळेवर आलेल्या आशाताईंनी. टोपी ही त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू. पण ती नसती तर चाललं नसतं.

पेटीतली लोकर आणि डांबरगोळ्या

याच घरात आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली. आजींनी पेटीतून जुने स्वेटर, शाली काढल्या. त्या उघडताच घरभर डांबरगोळ्यांचा वास पसरला. आशाताईंनी त्या लगेच अंगणात न्यायला लावल्या. कारण काय? डांबरगोळ्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात 'जी-सिक्स-पीडी' नावाचा घटक जन्मतः कमी असतो. तो कमी आहे हे बाहेरून बघून कळत नाही. अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास किंवा स्पर्श झाला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, जोराची कावीळ होते आणि ती मेंदूपर्यंत इजा करू शकते. म्हणून पेटीतला लोकरीचा कपडा थेट बाळाच्या अंगावर घालायचा नाही. ज्यांच्या घरात बाळ येणार आहे, त्यांनी बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. स्वच्छ धुऊन, कडक वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवावा. आपल्या आज्या तेच करायच्या.

टोपी विणताना आणि घालताना आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात अशा आहेत.

डोळ्यांसाठी मणी, टिकल्या, बटणं लावू नका. बाळ सगळं तोंडात घालतं, सुटलेला मणी घशात अडकतो. डोळे, नाक, मिशा धाग्यानंच भरा.

हनुवटीखाली लांब नाड्या, गळ्यात लोकरीच्या माळा नकोत. टोपी घट्ट बसवायची असेल तर माप नीट घ्या, नाडीवर भरवसा ठेवू नका.

हातमोजे-पायमोजे विणले तर आतून उलटे करून बघा. आत लोंबणारा एखादा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं आणि बोट सुजतं. बाळ उगीच किरकिर करत असेल तर मोजे काढून बोटं बघायची सवय ठेवा.

बाळ धडधाकट असेल, घर बंद आणि उबदार असेल, तर झोपताना डोक्यावर टोपी नको. बाळ घामेजतं, टोपी तोंडावर घसरते. जास्तीची ऊबही बाळाला घातक असते. मानेला हात लावा, ओलसर गरम लागली तर एक कपडा कमी करा. कमी वजनाच्या बाळासाठी मात्र डॉक्टर आणि आशाताई सांगतील तसंच.

सगळ्यात सोपी मनीमाऊ

आता प्रत्यक्ष विणकाम. ज्यांना फक्त सुलट-उलट टाके येतात त्यांनाही जमेल अशी ही मनीमाऊची टोपी. हिला कान वेगळे विणावे लागत नाहीत, हीच तिची खुबी.

साहित्य असं: मऊ चार पदरी बेबी लोकर किंवा त्याच जाडीचा सुती धागा, १० नंबरच्या सुया, शिवायला बोथट टोकाची मोठ्या नाक्याची सुई, डोळे-मिशांसाठी थोडा काळा आणि गुलाबी धागा.

आधी तीस टाक्यांचा एक चौकोन विणून बघा. दहा सेंटिमीटरमध्ये साधारण पंचवीस टाके बसले पाहिजेत. जास्त बसले तर हात घट्ट आहे, एक नंबर जाड सुई घ्या. कमी बसले तर बारीक सुई घ्या. हा चौकोन विणायचा कंटाळा करू नका. सगळं माप त्याच्यावर आहे.

महिन्या-दीड महिन्याच्या बाळासाठी ८४ टाके घाला. पहिल्या ८ ओळी एक सुलट, एक उलट अशा विणा, म्हणजे कड ताणली जाते आणि परत जागेवर येते. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणत चला. सुरुवातीपासून १६ सेंटिमीटर उंची झाली की टाके सैलसर बंद करा. हा झाला सरळ पट्टा. तो मधोमध दुमडा, मागची बाजू शिवा आणि वरची बाजू सरळ शिवून घ्या. आता हातात एक चौकोनी पिशवी आली. तिचे वरचे दोन कोपरे म्हणजेच मनीमाऊचे कान. प्रत्येक कोपऱ्यापासून तीन सेंटिमीटर आत तिरपी धावदोऱ्याची ओळ घाला आणि दोरा हलका ओढून गाठ मारा. कान टुणकन उभे राहतात. पुढच्या बाजूला काळ्या धाग्यानं दोन मिटलेले डोळे, गुलाबी नाक आणि दोन्हीकडं तीन-तीन मिशा भरा. झाली मनीमाऊ.

मोठ्या बाळासाठी सोपा हिशेब आहे. डोक्याच्या घेरातून तीन सेंटिमीटर वजा करा आणि येणाऱ्या आकड्याला अडीचनं गुणा. चाळीस सेंटिमीटर घेर असेल तर सदतीस गुणिले अडीच, म्हणजे ब्याण्णव टाके. वर्षाच्या बाळाचं डोकं पंचेचाळीस-शेहेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास असतं. उंची मात्र त्या मानानं वाढवत न्यायची, वर्षाच्या बाळाला वीस सेंटिमीटर.

याच पिशवीवर रंग बदलला की प्राणीही बदलतात. करडा रंग आणि पुढं एक लोंबती सोंड लावली की गणपतीबाप्पाचा हत्ती. पिवळ्यावर काळे पट्टे विणले की वाघ. कोपऱ्यांऐवजी आठ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या वर शिवल्या की ससा. बोरन्हाणाला काळ्या रंगाचा मान असतो, तेव्हा काळी मनीमाऊ आणि पांढऱ्या मिशा. हलव्याच्या दागिन्यांबरोबर इतकी शोभून दिसते म्हणून सांगू!

मायेची किंमत किती?

टोप्या छान होतात असं दिसलं की ओळखीच्या बायका विचारतात, "विकत देता का?" आणि मग सुरू होतो आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. एकदा एक बाई टोपी हातात घेऊन म्हणाल्या, "दीडशे? बाजारात शंभरला मिळती की!" मी शांतपणे त्यांच्यासमोर हिशेब मांडला. लोकर चाळीस रुपयांची. धुणं, पिशवी, जाणं-येणं दहा रुपये. उरले शंभर. टोपीला लागतात सहा तास. म्हणजे तासाला सतरा रुपयेही नाहीत. "ताई, तुमच्या शेतात खुरपायला येणाऱ्या बाईला एवढ्यात आणता का?" त्या गप्प बसल्या, मग हसून म्हणाल्या, "दोन द्या, जावेच्या लेकराला पण एक."

सगळ्याच जणी असं ऐकतात असं नाही. पण हिशेब आपण आधी स्वतःला सांगायला हवा. 'रिकाम्या वेळातलं काम' म्हटलं की त्याची किंमत शून्य होते. बाईला रिकामा वेळ असतो तरी कुठं? तो तिनं झोपेतून, दुपारच्या पाठ टेकण्यातून काढलेला असतो. आमच्या बचत गटातल्या तिघी-चौघी मिळून आता आम्ही ठरवलंय की लोकर एकत्र आणायची म्हणजे स्वस्त पडते, आणि भाव सगळ्यांनी एकच सांगायचा. कुणीही मागून कमी करायचा नाही. यंत्रावरच्या टोपीशी आपण किमतीत स्पर्धा करूच शकत नाही. आपण देतो ते वेगळं आहे: मापानुसार टोपी, मणी-बटणं नसलेली, नाव भरलेली, धुऊन दिलेली. ते बोलून दाखवायला लाजायचं नाही. उमेद अभियानाची 'महालक्ष्मी सरस'सारखी प्रदर्शनं भरतात, तिथं गटांना माल मांडता येतो. पण मी म्हणेन, सुरुवात आपल्या गल्लीपासूनच करा. बारशाचं आमंत्रण आलं की स्टीलची वाटी नेण्यापेक्षा टोपी न्या. पुढची मागणी त्या बारशातूनच येते.

आणि पोरांनीही शिकावं

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात टिटिकाका तलावात टाकिले नावाचं बेट आहे. तिथं टोप्या विणतात त्या पुरुषांनी. मुलगा लहानपणीच सुया हातात घेतो आणि टोपी विणायला शिकतो. तिथल्या या वस्त्रकलेचा युनेस्कोनं २००५ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून गौरव केला. हे वाचल्यापासून मी आमच्या गल्लीतल्या पोरांनाही सुया देते. नववीतला एक पोरगा सुरुवातीला दार लावून बसायचा, कुणी बघू नये म्हणून. आता अंगणात बसून गोंडे बांधतो. त्याला बहिणीच्या बाळासाठी अस्वल करायचंय.

आणि हो, उधार राहिलेला वाघ! ती इवलीशी पाहुणी दोन महिन्यांची झाली तेव्हा अंगणवाडीच्या काट्यावर अडीच किलोच्या पुढं गेली होती. मी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची टोपी घेऊन गेले. आजींनी ती नातीच्या डोक्यावर बसवली, लांबून बघितलं, आणि कानामागं तीट लावायला काजळाची डबी शोधू लागल्या. मी म्हटलं, "आजी, वाघिणीला कुणाची नजर लागणार?" त्या म्हणाल्या, "तुझीच लागंल. किती बघायलीस!"